संत्र्याचा केक

संत्र्याचं साल किसलं की आमचं आर्वीचं सारवलेलं स्वयंपाकघर आठवतं. आम्ही धम्म स्वीकारला, त्यानंतरचा तो हिवाळा. दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे शिकलेला केक आई घरी पहिल्यांदाच भाजत होती. पातेल्यात तापलेली वाळू, झाकणावर निखारे. संत्री बागवाल्या पाटलीणबाईंनी दिलेली, आमचा स्पर्श नको म्हणून नेहमीसारखी वरूनच आईच्या पदरात टाकलेली. शेतावर जाताना त्या वासानं दारात थांबल्या. "काय करून राह्यली वं? मले नाई देत?" आईनं सवयीनं केकचा तुकडा पानावर घालून उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकली. पाटलीणबाई चिडल्याच. "खाली काऊन ठेवतं? हातात दे नं!" आईला चटकन पुढं होताच येईना. आज माझ्याकडे ओव्हन आहे, बश्याही आहेत. पण केकचा पहिला तुकडा मी ज्याच्या त्याच्या हातावरच ठेवते.