शिवाचे निमुळते आटे

शिवा गेल्याची बातमी आली तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. डावा गाल चकाचक, उजव्यावर साबणाचा फेस आणि गळ्यात न्हाव्याचं फडकं. फोनवर त्याची मुलगी गौरी एवढंच म्हणाली, "काका, अप्पा गेले..." मी फडक्यासकट स्कूटरवर बसलो आणि थेट त्यांचं घर गाठलं. दारात माणसं जमली होती. गौरीनं मला बघितलं आणि ती रडू लागली. मग तिची नजर माझ्या गालांवर गेली, तिनं तोंडावर ओढणी दाबली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "काका, अप्पांनी तुम्हाला असं बघितलं असतं तर..." बघितलं असतं तर काय म्हणाला असता, ते मला पाठ आहे. "वश्या, अजून एक पास घे की रं. फिनिशिंग राहिलंय."

शिवानंद मूळचा दुधनीचा. आमची ओळख आयटीआयमध्ये, टर्नरच्या, म्हणजे लेथवर लोखंड कातायच्या वर्गात झाली. पुढे एमआयडीसीत एक गाळा घेऊन आम्ही भागीदारीत वर्कशॉप टाकलं. कामाची वाटणी सोपी होती. तो लेथ चालवायचा, मी तोंड. नम्रपणा त्याच्या अंगाला कधी लागला नाही. लेथसमोर तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा राहायचा आणि संध्याकाळी तो शर्ट तसाच पांढरा घरी न्यायचा. गिऱ्हाईक आलं की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "सोलापुरात आटे काढणारा एकच माणूस हाय. बाकीचे ओरखडे काढतात." आकडे तो कानडीत मोजायचा आणि शिव्या मात्र मराठीत द्यायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "शिवी समोरच्याला कळाय नगो व्हय?"

त्याची खासियत होती निमुळत्या आट्यांची. वाचकांपैकी ज्यांनी नळ दुरुस्त करायला प्लंबर बोलावलाय, त्यांच्या घरात हे आटे आहेतच. पाइपाच्या टोकाला बारीक, मागे जावं तसे जाड. त्यामुळे जोडणीचं सॉकेट आधी सहज चढतं, मग आपोआप आवळत जातं आणि पाणी गळत नाही. जुन्या लेथवर शिवा हे आटे गाणं गुणगुणत काढायचा. मग आम्ही सीएनसी घेतलं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ. नारळ फुटला, पेढे वाटले आणि शिवानं पहिला प्रोग्रॅम लिहिला. आटे दिसायला असे देखणे की मी टाळ्या वाजवल्या. पण तपासायची रिंग त्यावर फिरवली तर ती टोकाला चावत होती आणि मागे नुसती डुलत होती.

झालं! आधी लोखंडाला दोष दिला, मग कापणाऱ्या टूलला, मग मशीन बसवून गेलेल्या माणसाला. शेवटी मशीनला दृष्ट लागली असं ठरलं आणि त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आमच्या शिवामालकांनी लिंबू-मिरची टांगली. पडद्यावरचा अर्धा आकडा मिरचीआड गेला. मग एका दुपारी त्यानं जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी तुकडा, न लावताच मशीन चालवलं आणि मशीनच्या दाराच्या काचेला नाक लावून बसला. टूल रिकाम्या हवेतून तिरकं जात होतं. "आरं तिच्या!" तो ओरडला. "हे तर हवेतच चढाय लागलंय की!"

त्याची चूक जुन्या लेथवाल्याची होती. आयुष्यभर त्यानं उतार मोजला तो लोखंडावर. पण या मशीनमध्ये टूल वेग धरण्यासाठी जॉबच्या थोडं अलीकडून, हवेतून निघतं आणि तिथपासूनच तिरकं चालतं. प्रोग्रॅममधला उताराचा आकडा काढताना ती हवासुद्धा लांबीत धरावी लागते. शिवानं आकडा बदलला, रिंग घट्ट बसली, आणि त्या दिवसापासून हा शोध आपणच लावला असं तो सगळ्यांना सांगत फिरला. मी साक्षीला असायचो. मीही थोडं वाढवूनच सांगायचो.

अशा माणसाचा आवाज गेला. घशाचं ऑपरेशन झालं आणि बोलणं कायमचं बंद. घरी आल्यावर वजन उतरत गेलं, आणि पुढचं काय ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, त्याला सांगायची गरज पडली नाही. नातेवाईक म्हणायला लागले, मशीन विकून टाका, पोरीचं लग्न करा. गौरी अप्पांच्या हाताखाली शिकत होती. पण निमुळत्या आट्यांचा प्रोग्रॅम तिनं एकटीनं कधी लिहिला नव्हता. शिवानं मला मोबाइलवर टाइप करून दाखवलं: 'ती म्हणते मी चालवते. तिच्या हातचे आटे बघून मगच नातेवाइकांना उत्तर देणार.'

म्हणून एका सकाळी त्याला खुर्चीत बसवून वर्कशॉपमध्ये आणलं. पांढरा शर्ट, तोही इस्त्रीचा. आत माणूस निम्मा. गौरीनं प्रोग्रॅम लिहिला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. टूल जॉबवर आदळेल या भीतीनं तिनं सुरुवात पार लांबून ठेवली होती. आणि उताराचा आकडा? तो जवळून सुरू करतानाचाच! मी तोंड उघडलं. शिवाचा तळहात वर झाला. आवाज असता तर "तडी, तडी" म्हणाला असता, कानडीत 'थांब'. आवाज नव्हता, पण त्या हाताचा दरारा तोच.

रिंग टोकाला चावली आणि मागे डुलली. गौरीचा चेहरा उतरला. "काका, काय चुकलं?"

"मला काय विचारते? मी नुसतं तोंड चालवतो."

ती अप्पांकडे वळली. अप्पा छताकडे बघत होते! काय नाटकी माणूस... मरायला टेकलाय आणि छतावरची पाल बघतोय. गौरीनं दात-ओठ खाल्ले, जॉब काढला, दार लावलं, मशीन रिकामंच चालवलं आणि काचेला नाक लावलं. टूल पुन्हा पुन्हा हवेतून गेलं. मग तिची मान हलली. "लांबून निघतंय... म्हणजे चढायलाही लांबूनच लागलंय!"

आकडा बदलला. नवा जॉब, नवे आटे. रिंग चढली, आवळली, थांबली. हलेना. शिवाचे खांदे हलत होते. मला वाटलं ठसका लागला. जवळ गेलो तर हसत होता, आवाजाशिवाय, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मशीन विकायचा विषय तिथंच संपला.

त्यानंतर जमेल तितके दिवस तो त्या खुर्चीत येऊन बसला. आता गौरीचा हात बसलाय. भीती गेलीय, टूल जवळून सुरू केलं तर प्रत्येक जॉबमागे थोडा वेळ वाचेल, असं मी परवा हिशेबी भागीदारासारखं सुचवलं. ती मशीनवरून नजर न काढता म्हणाली, "अप्पांची नजर मंद झाली होती, काका. टूल लांबून यायचं तेव्हा त्यांना ते नीट बघायला मिळायचं. म्हणून तसंच ठेवलंय."

मशीनचं दार बंद झालं. टूल निघालं, लांबून, सावकाश वाटावं इतक्या लांबून. मी ते लोखंडाला टेकेपर्यंत बघत राहिलो...