धुळाचे चार आटे

धुळा आमच्या नगरपालिकेत आला तो बहात्तरच्या दुष्काळाच्या मागोमाग. माण तालुक्याकडचा धनगर. मेंढरं निम्मी मेली, निम्मी मातीमोलाने गेली. मग दहिवडीच्या रस्त्यावर वर्षभर खडी फोडली आणि एक दिवस बायकोला, हरणाबाईला, घेऊन तो कृष्णाकाठच्या आमच्या गावी येऊन थडकला. गावाचं नाव मी सांगणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची नातवंडं आजही रस्त्यात भेटली की मला नमस्कार करतात.

मी तेव्हा पाणीपुरवठ्याचा कारकून. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. धुळाला रोजंदारीवर चावीवाला म्हणून लावला, त्या कागदावर अक्षर माझंच. काम सोपं होतं. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, कमरेएवढी लोखंडी चावी आत घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवून त्या त्या आळीला पाणी सोडायचं. धुळाला अक्षरओळख नव्हती. पण कोणता व्हॉल्व्ह किती आट्यांत, म्हणजे चावीच्या किती फेऱ्यांत, पूर्ण उघडतो, हे त्याला पाठ होतं. मेंढरं मोजावीत तसं विसावर मोजायचा. सात नंबरचा व्हॉल्व्ह म्हणजे एक वीस आणि दोन.

सात नंबरवर बौद्ध वस्ती होती. आणि सात नंबर रोज चारच आटे उघडायचा, असा ओव्हरसियर नाथाजीरावांचा तोंडी हुकूम होता. राहिलेलं पाणी वरच्या पेठेत जायचं. तिथे बंगले होते आणि पाणी समितीच्या सभापतींचा सोड्याचा कारखाना होता. आपला हात जगन्नाथ! मी मात्र रोज सकाळी नोंदवहीत लिहायचो, 'क्र. ७, सहा ते सात, पूर्ण', आणि धुळाचा अंगठा घ्यायचो. त्यात काय लिहिलंय हे त्याने कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही.

वस्तीतल्या बायकांना वाटे, पाणी हाच मेला अडवतो. चेंबरपाशी दिसला की त्या त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. धुळा खाली मान घालून चावी खांद्यावर टाकायचा आणि पुढच्या चेंबरकडे जायचा. हुकूम कोणाचा, हे बोलून दाखवायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

चौऱ्याहत्तर साली वस्तीतल्या मुक्ताबाईने तक्रार केली. नवरा लवकर वारलेला, बाळंतपणं करून पोट भरायची, सही करण्यापुरतं लिहायला शिकलेली. नगरपालिकेत तिने सहा अर्ज दिले होते. ते सहाही मी फाईलला लावले होते. मग तिला कोणीतरी सांगितलं की मुंबईला लोकायुक्त म्हणून नवीन कार्यालय निघालंय, तिथे नगरपालिकेचंही गाऱ्हाणं ऐकतात. पण अर्जासोबत शपथेवर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते जाणूनबुजून खोटं दिलं असं ठरलं तर तुरुंग. वकिलाने तिला हे दोनदा बजावलं. तिने सही केली.

आमच्याकडे सगळे हसले. सरकारी काम आणि सहा महिने थांब! पण पाचव्याच महिन्यात चौकशी अधिकारी येत असल्याचं पत्र आलं आणि हसणाऱ्यांची पाचावर धारण बसली. माझीही बसली. नोंदवहीतलं अक्षर माझं होतं ना.

त्याच आठवड्यात रोजंदारीवरच्यांना कायम करण्याची यादी निघायची होती. धुळाचं नाव तिसरं होतं. हरणाबाई सहा महिन्यांची पोटुशी होती. नगरपालिकेने टाकीशेजारची खोली त्याला तात्पुरती दिली होती. कायम झाला असता तर ती त्याच्याच नावावर राहणार होती.

सबनीस नावाचे ते अधिकारी एस.टी.ने आले. किरकोळ अंगाचे, चष्मा, हातात कापडी पिशवी. चहासुद्धा घेतला नाही. दुपारी दालनात सगळ्यांना बसवलं. एका बाजूला नाथाजीराव, सभापती आणि मी. दुसऱ्या बाजूला मुक्ताबाई. धुळा दाराशी उभा.

सबनीसांनी नोंदवही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले.

"क्रमांक सात, सहा ते सात, पूर्ण. खाली धुळा याचा अंगठा. दुसऱ्या दिवशी, पूर्ण. अंगठा. तिसऱ्या दिवशी, पूर्ण. अंगठा." त्यांनी वर पाहिलं. "मुक्ताबाई, वही असं म्हणते. तुमचं प्रतिज्ञापत्र म्हणतं की तासाभरात सहा हंडेसुद्धा भरत नाहीत. दोन्हींतलं एक खोटं आहे. तुमचं खोटं ठरलं तर काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय साहेब," मुक्ताबाई म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "वहीला तहान लागत न्हाई. आमास्नी लागती."

मी धुळाकडे बघायचं टाळत होतो. तरी बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. आपण रोज कशावर अंगठा उठवतो, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं होतं. रागावला असता तर मला सोसलं असतं. तो नुसता बघत राहिला.

सबनीसांनी त्याला विचारलं, "रोज पूर्ण उघडतोस का रे?" धुळाने तोंड उघडायच्या आतच नाथाजीराव घाईघाईने म्हणाले, "अडाणी आहे साहेब, घाबरलाय."

"ठीक आहे," सबनीस म्हणाले. "उद्या सकाळी सहाला चेंबरपाशी भेटू."

साहेब विश्रामगृहावर गेले तसे नाथाजीराव धुळाला माझ्या टेबलापाशी घेऊन आले. "उद्या बावीसच्या बावीस आटे. विचारलं तर रोज एवढंच म्हणायचं. परवा यादी निघतेय, ध्यानात ठेव." ते गेल्यावर धुळा एवढंच म्हणाला, "भाऊसाहेब, म्या तुमच्यावर इस्वास ठिवून आंगठा देत हुतो." मी कागद चाळत बसलो.

पहाटे सहाला सात नंबरच्या चेंबरभोवती सगळं गाव लोटलं होतं. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन नळाशी उभ्या होत्या. नळ तिथून पन्नास पावलांवर होता. मुक्ताबाई पुढे होती, तिच्या हातात काही नव्हतं. नाथाजीराव निवांत दिसत होते. बावीस आटे फिरले की नळ धो धो वाहणार, वही खरी ठरणार आणि ही बाई खोटं प्रतिज्ञापत्र केलं म्हणून आत जाणार. त्यांचा हिशेब चोख होता.

धुळाने झाकण सरकवलं, चावी बसवली. सबनीस त्याच्याजवळ गेले. वही घेऊन मी शेजारीच उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"धुळा, आधीच सांगतो. नोकरीचे वाद आमच्या कायद्यात बसत नाहीत. उद्या तुझ्या नोकरीचं काही बरंवाईट झालं तर मला तुला वाचवता येणार नाही. हे ऐकून घे, आणि मग रोज उघडतोस तसा उघड."

कोणी अधिकारी असं सांगेल, हे मला खरं वाटलं नसतं. धुळाने मान हलवली आणि चावीला जोर दिला.

एक. दोन. तीन. चार.

तो थांबला. चावी वर ओढली, खांद्यावर टाकली आणि दोन पावलं मागे सरकला.

"अरे फिरव की!" नाथाजीराव ओरडले. "थांबलास काय?"

"झालं साहेब," धुळा सबनीसांना म्हणाला. "रोज एवढंच असतंय."

नळाला करंगळीएवढी धार लागली. सबनीसांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हंडा लावायला सांगितलं. पहिला हंडा भरायला अकरा मिनिटं लागली. तासाभरात पाच हंडे पूर्ण झाले आणि सहावा अर्धा राहिला. मुक्ताबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. सबनीसांनी माझ्याकडून वही मागून घेतली आणि पिशवीत घातली. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही, हे मी लपवणार नाही.

अहवालाची वाट कोणी पाहिली नाही. नाथाजीरावांना धास्ती बसली होती; चौथ्या दिवसापासून सात नंबर पूर्ण उघडायला लागला. वस्तीत साखर वाटली. बायकांनी धुळाला शोधून त्याच्याही हातावर ठेवली. पुढे मुंबईहून ठपक्याचं पत्र आलं. सभापतींनी राजीनामा दिला, नाथाजीरावांची बदली झाली. मला ताकीद मिळाली आणि माझी नोकरी राहिली.

पण कायम करण्याच्या यादीत धुळाचं नाव आलंच नव्हतं, आणि साखर वाटली त्याच दुपारी नाथाजीरावांनी मला एक कागद लिहायला सांगितला होता. खरं कारण लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मजकूर तोंडी सांगितला आणि मी उतरवून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे लिहिताना मला कळत होतं. धुळाला बोलावलं. तो म्हणाला, "वाचून दाखवा. सगळं वाचा."

मी वाचलं. "पाहणीच्या दिवशी नेहमीच्या आदेशाप्रमाणे व्हॉल्व्ह न उघडल्याबद्दल आपणांस आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. टाकीशेजारील खोली आठ दिवसांत रिकामी करावी."

धुळाने मला पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

"भाऊसाहेब," तो शांतपणे म्हणाला, "नेहमीचा हुकूम चारचाच हुता. तेवढंच फिरवलं म्या."

ते खरंच होतं. मी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली आणि जावक नोंदवहीत नंबर टाकला.