बांध तुडवणारा जनू

पेणच्या खाडीकाठचा आमचा जनू रोह्याला कंपनीत होता. तिथे मशीनमध्ये त्याचा उजवा हात कोपरापासून गेला, आणि तो घराबाहेर पडेनासा झाला. कुणी बोलवायला गेलं तर म्हणायचा, "मी आता काय कामाचा?"

एका उधाणात खाडीचा बांध फुटला आणि भातशेतीत खारं पाणी शिरलं. ओहोटी लागताच सारा गाव बिनमजुरीने बांधाला पडलेली खांड बुजवायला धावला. जनूही आला, पण नुसता उभा राहिला. एका हाताने चिखल उचलणार कसा?

"पाय हायत ना तुला? मग तुडव," त्याची बहीण पुतळी म्हणाली.

जनू खांडीत उतरला. आम्ही टाकलेला चिखल तो तुडवून घट्ट करू लागला. भरतीचं पाणी पुन्हा चढू लागलं, कमरेला लागलं, तरी तो हलला नाही. उलट आम्हालाच सांगू लागला, "हिकडं टाका, हिकडं." भरती चढत गेली, तसा त्याच्या पायांखालचा बांधही चढत गेला. शेवटी एका बाजूला काठोकाठ खाडी, दुसऱ्या बाजूला खाली आमची शेतं आणि मधे चिखलाने माखलेला जनू.

पुढच्या उन्हाळ्यात खाडीचे बांध दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराने त्याला मुकादम केलं. कामावर निघताना त्याने पुतळीकडून नवा सदरा शिवून घेतला, उजवी बाही थोट्या हाताच्या मापाने आखूड ठेवून.