माझ्या लेकीचं पडून राहणं

माझ्या लेकीनं परदेशात दोन महिने पडून काढले. आजारी नव्हती हो, चांगली धडधाकट! डोक्याकडून उतरता पलंग, जेवण-आंघोळ सगळं आडवं. अंतराळात शरीराला भार जाणवत नाही, हृदयाचं काम हलकं होतं आणि ते सुस्तावतं. तिथून परतल्यावर पुढे वर्षानुवर्षं त्याचं काय होतं, हे शोधायला शास्त्रज्ञांना पृथ्वीवरच अशी पडून राहणारी माणसं हवी होती. ही आपणहून गेली. मी फोनवर कडाडले, "काहून वं? दुसरं कोणी भेटलं नाही त्यायले?"

"दुसऱ्यांच्या आयाही हेच म्हणत असतीन," ती म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

नागपूरला परतली तेव्हा मी बाळंतिणीसारखी तयारी केली होती. बाजेवर दोन गाद्या, कानाला बांधायला स्कार्फ, डिंकाचे लाडू. चेहरा उतरलेला पाहून म्हटलं, "पड आता. अजिबात उठायचं नाही."

ती बघतच राहिली. मग हसली, हसता हसता रडायला लागली. "आई, पडूनच तर आली वं मी! मले चालू दे."

अगं बाई! मी कपाळावर हात मारला.

गच्चीच्या जिन्यात चौथ्या पायरीवरच तिला धाप लागली. कॉलेजात खो-खो गाजवलेली पोर! तिच्या छातीवर हात ठेवला, तर धडधड हाताला लागत होती. जीव घाबरा झाला माझा. "हे असंच राहिलं तर?"

"माहीत नाही, आई. तेच तर बघायचं आहे."

खोटा धीर दिला नाही कार्टीनं. त्या दिवशी मला तिचा राग आला आणि अभिमानही तेव्हाच वाटला.

दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा गच्चीवर नेऊन ठेवला. "पाहिजे असंन तर चढ." आधी मी तिला हाताला धरून चढवायचे. दिवाळीपर्यंत ती वर पोचायची आणि मी चौथ्या पायरीवर धापा टाकायचे. वरून हाक यायची, "आई, ये लवकर, लाडू संपून राहिले!"

तपासणीत हृदय पहिल्यासारखं निघालं. तरी दरवर्षी बोलावणार आहेत. ती जाणार, मी अडवणार नाही.

परवा शेजारीण तिरकं बोललीच, "नुसती झोपून आली म्हणे. अंतराळात कधी जाते मग?"

"ती नाही जात," मी म्हटलं. "जे जातीन, त्यायचं काळीज म्हातारपणीही धड राहावं, म्हणून माझी लेक झोपली होती."