गोड चहापुरती दक्षिण

तुम्ही मिसुरीची माणसं अमेरिकेच्या दक्षिणेकडची की मिडवेस्टची, म्हणजे वरच्या मधल्या भागातली, असं माझ्या लव्हेडा आत्याला कुणी विचारलं, तर ती आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घ्यायची. उत्तर माणसागणिक बदलायचं. माझी बायको कॅरिन पार उत्तरेकडच्या विस्कॉन्सिनची. लग्नानंतर ती पहिल्यांदा गावी आली, तेव्हा आत्याने तिच्यापुढे पाकासारखा गोड गार चहा ठेवला, मक्याची भाकरी ठेवली, मिठात मुरवून धुरी दिलेलं हॅम ठेवलं आणि म्हणाली, "खा बाई. तुमच्याकडे पाहुण्याला जेवणार का म्हणून विचारतात, आम्ही दक्षिणेकडचे सरळ वाढतो." त्याच आठवड्यात टीव्हीवर अलाबामातली काहीतरी लाजिरवाणी बातमी लागली. तेव्हा हीच बाई खुर्चीत मागे रेलून म्हणाली, की असली माणसं तिकडे खाली असतात, आपण मिडवेस्टवाले, आपलं काम बरं नि आपण बरं.

कॅरिनची हसून मुरकुंडी वळली. मीही हसलो. पण आत्याच काय, आमचा अख्खा नदीकाठ असाच आहे. दक्षिणेतल्या केंटकी-व्हर्जिनियाहून आमचे पूर्वज इथे आले, तंबाखूचं बी घेऊन आले, हॅमची कृती घेऊन आले आणि गुलामही घेऊन आले. हॅमची कृती घरोघरी तोंडपाठ आहे. गुलामांचा विषय निघाला, की आम्ही सगळे एकदम उत्तरेकडे सरकतो.

तरी आत्या वाईट नव्हती. हे मी भाचा म्हणून सांगत नाही, गावात कुणालाही विचारा. तिने जन्मभर शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केला. नवरा लवकर गेला, मूल नाही. सगळी माया तिने लोकांच्या पोटात ओतली. कुणाच्या घरी मयत झाली, की रडणाऱ्यांच्या आधी आत्याचं पातेलं पोचायचं. ओनेता गेन्सचा नवरा वारला, तेव्हाही आठवडाभर जेवण आत्याकडूनच गेलं होतं. ओनेता आत्याच्याच वयाची. तिची आई आमच्या आजीकडे इस्त्रीला यायची.

गावात मेथडिस्ट पंथाची दोन चर्च होती. टेकाडावरचं आमचं, गोऱ्यांचं. खाली नदीलगत ओनेताच्या लोकांचं, काळ्यांचं. पूर आला आणि खालच्या चर्चची भिंतच बसली. वरच्यांनी ठरवलं, की दोन्ही मंडळ्या एक करायच्या. आमच्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांची गाणी वेगळी, आपली वेगळी, मन रमणार नाही त्यांचं, अशी गोड भाषा सुरू झाली. तेव्हा आत्या सभेत उठून उभी राहिली आणि सगळ्यांना झापलं. म्हणाली, "लाज वाटू द्या. हे काय तिकडचं खालचं मिसिसिपी राज्य आहे? सप्टेंबरचं जेवण माझ्याकडे सोपवा. एकदा माणूस आपल्या टेबलावर जेवला, की तो कुठे जात नाही." तिने शब्द टाकला आणि मंडळ्या एक करायचं ठरलं. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला होता.

सप्टेंबरचं जेवण म्हणजे आमच्याकडचा सण. बाहेरगावी गेलेली मुलंबाळं त्या रविवारी येतात, दुपारी चर्चच्या तळघरात पंगत होते. त्या वर्षी आत्याने जिवाचं रान केलं. हॅम आधीपासून भिजत घातलं होतं, त्याचा खारट, धुरकट वास जिन्यापर्यंत दरवळत होता. टेबलाच्या एका बाजूला मक्याच्या भाकऱ्या आणि डुकराच्या चरबीत शिजवलेल्या शेंगा, दुसऱ्या बाजूला हिरवी जेली आणि चीज घातलेले बटाटे. आमचं टेबलसुद्धा अर्धं दक्षिणेचं, अर्धं मिडवेस्टचं. चर्चच्या हिरव्या काठाच्या चिनी मातीच्या प्लेट्स तिने स्वतः पुसून ठेवल्या. त्या सगळ्यांना पुरत नाहीत. म्हणून रिवाज असा, की मोठ्यांना चिनी मातीची प्लेट आणि पोराटोरांना कागदी. दोन्ही चवडी रांगेच्या तोंडाशी, मध्ये आत्या, आणि प्रत्येकाच्या हातात प्लेट देणार तीच.

रांग सुरू झाली. आत्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होती, पोरांचे गालगुच्चे घेत होती. खालच्या चर्चचे म्हातारे धर्मसेवक आले, त्यांचा हात तिने दोन्ही हातांत धरला, बरं वाटलं तुम्ही आलात म्हणाली आणि त्यांना प्लेट दिली. कागदी. त्यांच्या मागे आमच्या चुलत घराण्यातलं एक मिसरूडही न फुटलेलं कार्टं होतं. त्याला चिनी मातीची. मग ओनेताची बहीण आली, तिला कागदी. आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. पाहिलं सगळ्यांनी, पण डोळ्यांना खटकलं कुणाच्याच नाही. माझ्याशेजारी भाकऱ्या वाढणाऱ्या कॅरिनने तेवढी माझी बाही ओढली.

तोवर ओनेता पुढे आली होती. आत्याने हसतमुखाने तिच्या हातात कागदी प्लेट ठेवली. ओनेताने ती घेतली, तिच्याकडे बघितलं, मग शेजारच्या हिरव्या काठांच्या चवडीकडे बघितलं. आमच्याकडे काळी माणसं गोऱ्या बाईच्या नावाआधी मानाचं 'मिस' लावत आली आहेत, ओनेताही लावायची. आवाज न चढवता म्हणाली, "मिस लव्हेडा, त्या प्लेट्स कुणासाठी ठेवल्यात?"

आत्याने वळून चवड बघितली, मग टेबलं बघितली. आमचे सगळे चिनी मातीत जेवत होते आणि त्यांचे सगळे कागदात. तिचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. तेवढ्यावर चूक झाली म्हणाली असती तरी निभावलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला नेमकं नको ते सुचतं. ती म्हणाली, "अगं, ती जड असते ना. तुझे सांधे दुखतात, म्हणून म्हटलं हलकी बरी."

"माझे सांधे ठणठणीत आहेत," ओनेता म्हणाली, आणि कागदी प्लेट घेऊन पुढे सरकली. तिची माणसं जेवली. नावं न ठेवता, हॅमचं कौतुक करून जेवली आणि वेळेवर उठून गेली. पुढच्या रविवारी त्यांच्यातलं कुणीही आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आठ्या घालणारे आमचे लोक आत्याला म्हणाले, बघ, सांगितलं होतं ना, मन नाही रमत. त्यांना ते तिच्या बाजूने बोलल्यासारखं वाटत होतं.

आत्या आजारी पडल्यासारखी दिसायला लागली. एक दिवस तिने ओनेताकडे जायला मला गाडी काढायला लावली. वाटेत स्वतःहूनच बोलली. आजीच्या मागच्या पडवीत खिळ्याला एक निळी पत्र्याची थाळी अडकवलेली असायची. ओनेताच्या आईची. आजी तिच्यात वाढायची आणि पायरीवर नेऊन द्यायचं काम लहानग्या लव्हेडाचं. "आई म्हणायची, आपण दक्षिणेकडच्यांसारखे दुष्ट नाही, आपण जेवू घालतो," आत्या म्हणाली. "मला ते खरं वाटायचं रे. परवापर्यंत वाटत होतं."

ओनेताने आम्हाला आत घेतलं, बसवलं, पीच घातलेला केक कापून काचेच्या प्लेट्समधून पुढे ठेवला. आत्याने गाडीत काय काय जुळवलं होतं कोण जाणे, त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही. ती एवढंच म्हणाली, की मला लाज वाटते, ओनेता, स्वतःच्या हातांची लाज वाटते.

"वाटू दे," ओनेता म्हणाली. "मुद्दाम केलं असतंत, तर मी तिथल्या तिथे भांडले असते. मुद्दाम नव्हतं, हेच मला सहन होईना. तुमच्या मनात नसताना झालं, म्हणजे किती आत आहे ते."

आत्याने डोळे पुसले. रविवारी याल का, असं तिने फार हळू विचारलं. ओनेता म्हणाली, की येऊ, कारण आता ते चर्च तिचंही आहे, तिला ते कुणी वाढलेलं नाही. फक्त ज्याची प्लेट त्याने उचलायची.

आत्याच्या जिवात जीव आला. आणि जिवात जीव आल्यावर ती लगेच पहिल्यासारखी उदार झाली. ओनेताचा हात धरून म्हणाली, "आणि हे बघ, आजपासून ते मिस लव्हेडा बंद. नुसतं लव्हेडा म्हण. एका वयाच्या आहोत आपण."

ओनेताने हात सोडवून घेतला, रागाने नाही, पण घेतला. "ते तुम्ही नका ठरवू, मिस लव्हेडा," ती म्हणाली. "मला वाटेल तेव्हा मी म्हणेन. खा, केक तसाच राहिलाय."

आत्याने मान खाली घातली आणि खायला लागली. एकेक घास ती सावकाश खात होती, पण तिने प्लेटमध्ये एक कणही ठेवला नाही.