नाक्यावरचा न वाचलेला कागद

भास्करनानांची माझी पहिली भेट वर्गात झाली नाही. मुक्ताईनगरच्या पुढे, राज्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर झाली. जळगावला नाना कायद्याच्या विद्यार्थ्यांना राज्यघटना शिकवीत. व्यापाराचे प्रकरण आले की मुलांना एसटीत घालून नाक्यावर नेत, चहा पाजत आणि म्हणत, "ट्रक का थांबला ते ड्रायव्हरला विचारा. मग भिंतीवरचा आदेश पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. अडवणारा दिल्लीचा की मुंबईचा, ते तिथंच कळतं." राज्याराज्यांतल्या व्यापाराचे नियमन घटनेने संसदेकडे का दिले, हे मला त्या चहाच्या बाकड्यावर उमगले. निवृत्तीनंतरही नानांनी ही फेरी बरीच वर्षे चालू ठेवली.

माणूस मोठा मायाळू. मला सनद मिळाली तेव्हा नानांनी स्वतःचा काळा कोट माझ्या अंगावर चढवला. बाह्या आखूड होतात, तरी मी तोच घालतो.

आता जे लिहायचे इतकी वर्षे टाळले ते लिहितो. चोपड्याकडचे शेतकरी सुकदेवभाऊ एकदा माझ्या भुसावळच्या कचेरीत आले. लागवडीच्या केळीकंदांचा त्यांचा ट्रक मध्य प्रदेशात जाताना रोगाच्या कारणाने नाक्यावर अडवला होता. मी नानांना फोन केला. "आधी नाक्यावर जा," एवढेच ते म्हणाले. मला रागच आला. अहो, पंधरा वर्षे वकिली केलेला मी, मला पुन्हा एसटीत घालता? गेलो नाही. बसल्या जागी झोकात याचिका लिहिली: परराज्याशी होणारा व्यापार रोखणे हा संसदेचा अधिकार, राज्य सरकारने त्यात नाक खुपसू नये.

न्यायमूर्तींनी शांतपणे विचारले, "वकीलसाहेब, आदेश वाचलात का?" तो संसदेच्याच कायद्याखालचा होता. शेवटच्या ओळीत सोयही होती: कंद निरोगी असल्याचा निरीक्षकाचा दाखला दाखवा आणि ट्रक न्या. दोन दिवसांचे काम. माझ्या याचिकेपायी तीन आठवडे गेले होते. "कंद बठ्ठा सुकी ग्यात," सगळा माल वाळल्याचे सांगून सुकदेवभाऊ खाली बसले.

सुनावणीला नानाही आले होते, मागच्या बाकावर. बाहेर येऊन त्यांनी भाऊंपुढे हात जोडले. "चूक माझी. मीच याला कच्चं शिकवलं." मी शेजारी उभा, आणि तोंडातून शब्द काढला नाही. लाज वाटते हो सांगायला! त्या वर्षापासून नानांनी मुलांना नाक्यावर नेणे बंद केले.

आज नानांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. दृष्टी अधू झाल्याने हा लेख त्यांच्या कन्या त्यांना वाचून दाखवतील. ताई, एवढे जरा मोठ्याने वाचा: नाना, तुम्ही पक्कं शिकवलं होतं, मीच गेलो नाही. परवा सुकदेवभाऊंच्या घरी जाऊन त्यांनाही हे सांगून आलो. "माले तवाच ठाऊक व्हतं," ते म्हणाले.

नाना, तुम्हाला शंभरी लाभो, गुडघे शाबूत राहोत. यंदा मुलांना घेऊन नाक्यावर चला. भिंतीवरचा कागद तुम्हाला मी वाचून दाखवतो, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.