मशेरीच्या वाटेवर

ठमाबाईंना एका जागी बसवायचं म्हणजे कोंबडी टोपलीखाली झाकायची; टोपलीच चालायला लागेल. उरणजवळच्या आमच्या गावात त्यांचं तरुणपण मिठागरात गेलं. मिठागर बुजून आता तिथे कंटेनरचे ट्रेलर उभे राहतात, पण बाईंचे पाय काही थांबले नाहीत. गावात कुठे भांडण असलं तरी त्या हजर, मग ते आपलं असो की परक्याचं.

तेच पाय दगा देऊ लागले. चार घरं ओलांडली की पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. लाजेपायी बाई प्रत्येक फाटकाशी थांबून विचारायच्या, "काय केलंस गो जेवाला?" सगळे म्हणाले, म्हातारी भोचक झाली. शेजारीण असून मलाही तसंच वाटलं.

मग अंगठ्याला जखम झाली आणि भरेचना. सून विनिता त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, पायाला रक्त पोचत नाही. जखम चिघळली तर अंगठा जाईल, कदाचित पायही.

"आजी, तंबाखू खाता?"

"नाय बाय, कवाच नाय!"

विनितानेही नकारार्थी मान हलवली. दोघी खोटं बोलत नव्हत्या.

चिठ्ठी लिहून होईस्तोवर बाईंची चुळबुळ सुरू झाली. कमरेची डबी निघाली, काळी पूड बोटावर आली आणि बाई तिथेच दात घासू लागल्या.

"हे काय?"

"मशेरी. दात घासाला."

"कशाची करता?"

"तंबाखू भाजून..." विनिता बोलता बोलता थांबली. तव्यावर ती स्वतःच भाजायची, अख्खी आळी शिंकायची. पण मशेरी म्हणजे दंतमंजन, ती तंबाखूत कोण धरतो?

रक्तवाहिन्या आवळते ती हीच तंबाखू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मशेरीची डबी बंद झाली. गोळ्या, रोजची पट्टी. पाय शेकायचा नाही, अनवाणी फिरायचं नाही. जखम भरली की मात्र चालायचं. दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं उतरलं की पुन्हा चाला.

जखम भरली, पण मशेरीवाचून बाईंनी घर डोक्यावर घेतलं. चहात साखर कमी, मग जास्त. बोट आपसूक दाताकडे जायचं. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही. तलफ आली की चपला अडकवून त्या आळीत फेऱ्या मारायच्या. विजेच्या खांबाशी थांबायच्या, मग नळाशी. असे बरेच महिने गेले.

एके दिवशी विनिताशी जोरात वाजलं. बाई तडक निघाल्या त्या बंधाऱ्यापलीकडे, कृष्णाबाईकडे. या जुन्या मैत्रिणीच्या कमरेला डबी अजून होती. "काकी, बघा हो त्यांना!" विनिता रडवेली होऊन मला म्हणाली. मी मागे धावले.

पोचले तेव्हा ओट्यावर डबी उघडलेली होती. बाईंनी चिमूट बोटावर घेतली, ओठापाशी नेली आणि वळून वाटेकडे पाहिलं.

"किसनाबाय, मी वाटेत कुठं थांबली का गो?"

"नाय. सरळ आलीस, इंजिनावानी."

बाईंनी पोटरी दाबून पाहिली, पुन्हा दाबली. डोळे भरून आले. बोटावरची पूड त्यांनी झटकली आणि पाणी मागून हात खसाखसा धुतला.

"चल लवकर," मला म्हणाल्या, "भांडण अर्धं टाकून आली हाय."